अनिरुद्धरावांचा अंधारपट

धोंड्याचा महिना जवळ आला की इतर जावयांच्या तोंडाला पाणी सुटतं. वसमतच्या अनिरुद्धराव सेनगावकरांच्या पोटात मात्र गोळा येतो. वास्तविक यात घाबरण्यासारखं काही नाही. तीन-एक वर्षांनी अधिक महिना येणार, सासरचं बोलावणं येणार, जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढणार, वर कपडे, तांब्याचा दिवा आणि 'अजून एक घ्याच' असा आग्रह. सुखच सुख. पण या सुखाच्या शेवटी अनिरुद्धरावांचे सासरे नाना उभे असायचे. उभे म्हणजे आडवे.

नाना आखाडा बाळापूरचे निवृत्त पोस्टमास्तर. जेवणं आटोपली की ते बैठकीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून लवंडायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मांडा, जावईबापू." मग अनिरुद्धरावांनी बुद्धिबळाचा पट मांडायचा. नानांनी पटाकडे पाठ करून, पान चघळत तोंडी चाली सांगायच्या आणि अनिरुद्धरावांनी डोळे सताड उघडे ठेवून, चष्मा पुन्हा पुन्हा पुसून हरायचं. मागच्या अधिकात नाना डावाच्या मध्येच घोरायला लागले, तेव्हा अनिरुद्धरावांना क्षणभर आशा वाटली होती. घोरणं थांबलं, नानांनी कूस न बदलता वजिराची चाल सांगितली आणि डाव संपला. त्याच्या आधीच्या अधिकात टाळेबंदी होती, कुणाला कुठे जाता येत नव्हतं. नानांनी फोनवरून हरवलं.

खरं सांगायचं तर अनिरुद्धरावांना नानांचा कधी राग आला नाही. अख्खा पट डोक्यात घेऊन झोपू शकणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता, आणि असा माणूस आपला सासरा आहे याचा त्यांना मनातून अभिमानच होता. राग यायचा तो मेहुण्याच्या मोबाईलचा. चिन्मय हा मेहुणा दर वेळी जावयाच्या पडलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा, आणि मग पुण्या-नगरच्या मावश्या त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवायच्या. म्हणूनच यंदाच्या अधिकाचं आमंत्रण फोनवर आलं तेव्हा अनिरुद्धरावांच्या तोंडून निघून गेलं, "या खेपेला मीही डोळे मिटून खेळणार." पलीकडे चिन्मय होता. चहा गार व्हायच्या आत ही बातमी ग्रुपवर गेली आणि परतीची वाट बंद झाली.

आता डोळे मिटून खेळायचं तर सराव पाहिजे. सरावाला जोडीदार पाहिजे. जोडीदार आला की आपली फजिती गावभर होणार, हे ओघाने आलंच. अनिरुद्धराव एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतात. पोरांकडून पडद्यावर स्वतःचं नाव छापून घेण्यापलीकडे त्यांची विद्या फारशी गेली नव्हती, पण त्यांनी ठरवलं की मोबाईलवर स्वतःच एक ॲप तयार करायचं. एकट्याने, खिशातल्या खिशात, कुणाला न कळता सराव. नाव सुचलं 'अंधारपट', आणि नाव इतकं झकास सुचल्यावर काम अर्धं झालं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

बुद्धिबळ खेळणारी बुद्धी इंटरनेटवर फुकट मिळत होती, ती त्यांनी उसनी आणली. प्रश्न होता दिसण्याचा. पट दिसला तर डोळे मिटण्याला अर्थ काय? तेव्हा पडदा पूर्ण काळा. चाल सांगायची ती काचेवर बोटाने टकटक करून, आणि उत्तर यायचं ते आवाजातून. आवाज कुणाचा? कालिंदीचा. बायको घरचीच होती, आवाज खणखणीत होता, आणि नानांची लेक असल्याने 'शह' हा शब्द ती जन्मापासून ऐकत आली होती. तिने एका दुपारी सगळी वाक्यं बोलून दिली. त्यातलं "चूक. तिथे तुमचा घोडा नाही" हे वाक्य तिने इतकं मनापासून म्हटलं की अनिरुद्धराव दोन पावलं मागे सरले.

राहिली चौसष्ट घरांची नावं. पुस्तकातली अक्षरं आणि आकडे अनिरुद्धरावांच्या डोक्यात टिकेनात. मग त्यांना आयुष्यातली सर्वांत मोठी युक्ती सुचली. त्यांच्या गल्लीत एका ओळीत बरोबर आठ घरं आहेत. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना या आठ घरांची नावं द्यायची, आणि प्रत्येक घरात फाटकापासून परसापर्यंत आठ जागा: फाटक, अंगण, ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसदार. माजघर गल्लीत कुणाकडेच नव्हतं, पण आठ जागा भरायला हव्या होत्या. कोपऱ्यावर रूपाबाई, मध्यावर प्रेमसिंग, त्यांना लागून राजाच्या पट्टीत अर्थातच खुद्द सेनगावकर, शेजारी दिपाताई, आणि टोकाला बालाजीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गल्ली पाठच होती. आता तिच्यातून घोडे हिंडवायचे, एवढंच.

युक्ती फळली. पण एके संध्याकाळी अनिरुद्धराव डोळे मिटून ओट्यावर बसले असताना कालिंदीचा आवाज खणखणला, "तुमचा उंट प्रेमसिंगच्या बैठकीत मेला." नेमके त्याच वेळी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर प्रेमसिंग दुधाची पिशवी घेऊन चालले होते. ते जागच्या जागी थांबले.

"कोन मेलं माझ्या बैठकीत?"

सगळं समजावून सांगावं लागलं. कुणाला न कळता करायचा सराव गल्लीला कळला तो असा. प्रेमसिंगांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ते अधूनमधून ओट्यावर बसून डाव ऐकू लागले. त्यातून त्यांची एक रास्त तक्रार तयार झाली. "सर, हिशोबानं पाह्यलं तर समदे माझ्याच घरात मरून राहिले. काल घोडा, आज वजीर. बाकीच्याईच्या घरात बी मारत जा की जरा."

पटाच्या मध्यावर मारामारी जास्त होते, हे त्यांना पटलं नाही. रूपाबाईंची तक्रार बरोबर उलटी होती. त्यांची पट्टी कोपऱ्यावरची. "आमच्याकडं कुनी येतच न्हाई. डाव संपला तरी हत्ती आपला फाटकातच उभा. आमचं घर काय वाळीत टाकलंय व्हय?" मध्यावर बदली मिळावी म्हणून त्या दोनदा येऊन गेल्या. त्यानंतर एकदा त्यांच्याकडे पाहुणी बसलेली असताना ॲपने "तुमचा उंट रूपाबाईंच्या न्हाणीत शिरला" असं जाहीर केलं, आणि रूपाबाई आठवडाभर अनिरुद्धरावांशी बोलल्या नाहीत.

बालाजीचा आक्षेप तांत्रिक होता. काळ्याठिक्कर मोबाईलवर टकटक करून विव्हळणाऱ्या सरांना पाहून त्याने आपण होऊन सांगितलं, "सर, डिस्प्ले गेलाय. द्या, बदलून देतो." डिस्प्ले गेलेला नाही, तो मुद्दाम काळा ठेवला आहे, असं सांगितल्यावर त्याने अनिरुद्धरावांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्यांना अनेक दिवस टोचत राहिली. कोपऱ्यात 'सौजन्य : बालाजी मोबाईल' एवढं तरी पांढऱ्या अक्षरांत टाका, हा त्याचा सल्ला त्यांनी नाकारला.

सर्वांत वाईट प्रसंग कॉलेजच्या संस्थाचालकांकडे घडला. त्यांचे वयोवृद्ध चुलते वारले होते. अनिरुद्धराव सांत्वनाला गेले, खाली मान घालून बसले, आणि शांततेत वेळ जाईना म्हणून खिशात हात घालून काचेवर हलकेच टकटक करू लागले. आवाज बंद आहे अशी त्यांची खात्री होती. खात्री चुकीची होती. भरल्या घरात त्यांच्या खिशातून कालिंदी स्पष्टपणे म्हणाली, "मात. खेळ संपला. पुन्हा मांडायचा का?"

त्या महिन्यात त्यांना परीक्षेची जादा देखरेख लागली, ती उगाच नव्हे.

एवढ्यावर थांबले असते तर ते अनिरुद्धराव कसले. एव्हाना त्यांना आपल्या निर्मितीचं प्रेम जडलं होतं, आणि जगात आणखी कुणी एकटा जीव डोळे मिटून बसला असेल तर त्यालाही अंधारपट मिळावा, या उदात्त हेतूने त्यांनी तो ॲपच्या जगभरच्या दुकानात ठेवायला दिला. दुकानाने परत पाठवला. कारण : ॲप उघडल्यावर काहीच दिसत नाही, सबब नादुरुस्त. अनिरुद्धरावांनी कळवलं की काही न दिसणं हेच त्याचं काम आहे. दुकानाने ॲपची चित्रं मागवली. त्यांनी चार काळी चित्रं पाठवली. चारही चित्रं सारखीच आहेत, वेगवेगळी पाठवा, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी मोठ्या कष्टाने प्रत्येक चित्राखाली मजकूर लिहिला : डावाची सुरुवात, डावाचा मध्य, अटीतटीचा प्रसंग, मात. चित्रं अर्थातच काळी. पुन्हा नकार.

गल्ली आता त्यांच्या बाजूने उभी राहिली. भांडण आपल्यात असलं तरी बाहेरच्याने सरांना परत पाठवावं, हे कुणाला रुचलं नाही. रूपाबाई अबोला सोडून आल्या. "एखादा देवाचा फोटो टाका. देवाला कोन न्हाई म्हनंल?" प्रेमसिंग म्हणाले, "डोळे मिटलेला मानूस दावा ना त्याईला. म्हंजे समजंल, काहून काळं हाय ते." हे मात्र सगळ्यांना पटलं. दुसऱ्याच दिवशी अनिरुद्धराव जेवून आडवे झाले असताना कालिंदीने त्यांचा फोटो काढून पाठवून दिला. दुकानाने तो तत्काळ मंजूर केला. तेव्हापासून अर्धवट उघड्या तोंडाने घोरत असलेले अनिरुद्धराव सेनगावकर जगातल्या कुठल्याही माणसाला, कुठल्याही देशात, पाहिजे तेव्हा पाहता येतात.

पण सराव झाला होता. हे कबूल केलंच पाहिजे. सुरुवातीला चार चालींत धूसर होणारी गल्ली आता त्यांच्या डोक्यात घट्ट उभी राहत होती. भाजी घेताना, वर्गावर हजेरी घेताना, रांगेत उभं असताना ते मिटल्या डोळ्यांनी आठ घरांमधून फिरून येत, आणि कुठल्या घरात कोण उभं आहे हे त्यांना दिसे. ज्या माणसाला पिशवी कुठे ठेवली हे आठवत नसे, त्याने हे साध्य केलं होतं. कालिंदीसुद्धा एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जमतंय हो तुम्हाला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या वाक्याने अनिरुद्धरावांचे कान लाल झाले.

अधिक ज्येष्ठ उजाडला. उन्हाचा कहर होता. वारंगा फाट्यावर गाडी बदलून दोघं बाळापूरला पोचली. नाना दारातच उभे होते, थोडे वाळलेले, पण आवाज तोच.

"या जावईबापू! फाट्यावर गाडी लवकर भेटली का?"

"भेटली, लगेच भेटली."

हातपाय धुतले, पाट मांडले, धोंड्यांवर तुपाची धार पडली. पहिला घास घेताना नानांनी विचारलं, "फाट्यावर गाडी लवकर भेटली का?" अनिरुद्धरावांनी पुन्हा सांगितलं. अनारसे वाढले जात असताना नानांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि कालिंदी उठून पाणी आणायला गेली. चिन्मय घाईघाईने म्हणाला, "नाना, आज दाजी डोळे मिटून खेळणार आहेत. आहे ना लक्षात?"

"काहून न्हाई राहनार लक्षात?" नाना एकदम खुलले. "ते कसं इसरंन मी? महिना झाला, वाट पाहून राहिलो."

जेवणं झाली. नाना भिंतीकडे तोंड करून खाटेवर लवंडले. अनिरुद्धरावांनी आहेरातलं नवं कोरं उपरणं डोळ्यांना बांधलं आणि आरामखुर्चीत बसले. चिन्मय पट काढू लागला, तर नाना म्हणाले, "ठेव तो. दोगाईनं डोळे मिटल्यावर पट कोनासाठी?" पट डब्यातच राहिला. चिन्मयने मोबाईल सरसावला. आतल्या दारात, भांड्यांच्या ढिगाऱ्याशी, कालिंदी बसली होती.

जावयाचा मान म्हणून पांढऱ्याची पहिली चाल अनिरुद्धरावांची. नाना जुन्या पद्धतीने घरं सांगायचे, 'वजिराच्या उंटाचं चौथं घर' असं. अनिरुद्धराव ते मनात गल्लीत आणायचे. नानांचा एक घोडा प्रेमसिंगच्या बैठकीत पडला. थोड्या वेळाने दुसरा दिपाताईंच्या स्वयंपाकघरात. बैठकीतलं हसणं थांबलं. नानांनी "शाब्बास!" म्हटलं ते मनापासून. अनिरुद्धराव घामाने भिजले होते, पण उपरण्याच्या आतल्या अंधारात सगळी गल्ली लख्ख उजेडात उभी होती, आणि त्यांना दिसत होतं की ते जिंकत आहेत. आणखी चार चाली. फार तर पाच. मावश्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेले.

तेवढ्यात नाना म्हणाले, "घोडा. तुमच्या राजाचं दुसरं घर. शह."

अनिरुद्धराव थबकले. राजाचं दुसरं घर म्हणजे सेनगावकरांचं अंगण. ते मनातल्या मनात पुन्हा सगळ्या गल्लीतून पळत आले. प्रेमसिंगची बैठक, दिपाताईंचं स्वयंपाकघर. दोन्ही घोडे गेले होते. नानांकडे घोडाच नव्हता. त्यांच्या डोक्यात कालिंदीचा आवाज खणखणला, "चूक. तिथे घोडा नाही." तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर आले होते. चिन्मयचा मोबाईल चालू होता. एवढं एक वाक्य बोललं की इतक्या वर्षांची परतफेड होणार होती, तीही पुराव्यासकट.

खाटेवरून नानांचा आवाज आला, जरासा दबलेला. "बराबर हाय ना, जावईबापू?"

हा प्रश्न नानांनी आजवर कधी विचारला नव्हता. ते सांगायचे, विचारायचे नाहीत. त्या प्रश्नात जी भीती होती ती अनिरुद्धरावांना डोळे बांधलेले असूनही दिसली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चांगलाच शह आहे." आणि त्यांनी राजा बाजूला घेतला.

त्या घोड्याला मारायला त्यांचा वजीर मोकळा होता. पण एकदा मेलेल्याला दुसऱ्यांदा मारणं त्यांच्या जिवावर आलं. तिथून पुढे अनिरुद्धराव जे खेळले त्याला तोड नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक पट खरा आणि एक पट नानांचा, असे दोन पट त्यांनी एकाच वेळी डोक्यात धरले, आणि नानांच्या पटावर, नानांच्या घोड्याला वाट देत देत, कुणाला संशय येणार नाही अशा बेताने ते हरले. शेवटची मात त्या घोड्यानेच दिली.

घरात जल्लोष झाला. चिन्मयने उपरणं सोडल्यावरचा चेहरा टिपला. नाना खाटेवर उठून बसले, त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी जावयाचा हात दोन्ही हातांत धरला. "लई तयारी केली तुमी. खरं सांगतो, आज मी गेलोच होतो. घोडा नसता ना, तर मेलो होतो मी."

"घोडा जबरदस्त होता, नाना," अनिरुद्धराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

परतताना वारंगा फाट्यावर दोघं गाडीची वाट पाहत उभी होती. कालिंदीने चहा संपवला. मग ती म्हणाली, "दुसरा घोडा दिपाताईंच्या स्वयंपाकघरात गेला होता ना?"

अनिरुद्धराव तिच्याकडे वळले. "तू ऐकत होतीस?"

"लहानपणापासून भांडी घासताना दुसरं केलंय काय मी?" ती म्हणाली, आणि भर फाट्यावर, ट्रकांच्या धुरळ्यात, तिने पदर डोळ्यांना लावला.  अनिरुद्धरावांनी आहेरातलं उपरणं पुढे केलं.

नंतर दोघांनी मिळून अंधारपट बदलला. 'चूक, तिथे तुमचा घोडा नाही' हे वाक्य काढून टाकलं, आणि त्या जागी कालिंदीने नवं वाक्य बोलून दिलं, अगदी हळू. नानांसाठी जुन्या पद्धतीची घरंही बसवली. आता नाना रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून काळ्या मोबाईलशी खेळतात, आणि मोबाईल त्यांना लेकीच्या आवाजात म्हणतो, "बरं नाना, घोडा." सासूबाई फोनवर सांगत होत्या की त्या वेळात ते कुठलीच गोष्ट दोनदा विचारत नाहीत.

मात्र हा बदल फक्त नानांपुरता कसा करायचा, हे काही केल्या अनिरुद्धरावांना जमलं नाही, त्यामुळे तो साऱ्या जगाला लागू झाला. परवाच दुकानात कुणा अनोळखी माणसाची तक्रार आली. त्याने पाचातला एक तारा देऊन लिहिलं होतं : 'ॲपमध्ये गंभीर चूक आहे. मेलेला घोडा चालतो. शिवाय हे नाना कोण?'

अनिरुद्धराव प्रत्येक तक्रारीला सविस्तर, नम्र उत्तर देतात. याही वेळी त्यांनी बराच मजकूर लिहिला, तो खोडला, आणि शेवटी एवढंच पाठवलं : 'आमच्याकडे चालतो.'